खांद्याला लावली की अडणारी बंदूक

तोफखान्यांनी जावयाला मारायला बंदूक आणली, ही बातमी दुपारच्या चहाच्या आत आमच्या इमारतीत तळापासून गच्चीपर्यंत पोचली होती. पहिल्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी एक लांबलचक कापडी पिशवी जिन्यावरून वर जाताना पाहिली. बातमी दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत पिशवीतून नळी बाहेर आली होती, आणि तिसऱ्यावर गोळ्याही भरून झाल्या होत्या. जावई मागच्या खेपेला आला तेव्हा दार आपटून गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतंच. मग अशा गोष्टीला आणखी पुरावा कशाला लागतो?

आता खरं काय ते सांगतो. बंदूक आणली हे खरं. पण ती पिशवी खांद्यावर टाकून धापा टाकत जिना चढणारा माणूस होता तो जावईच. सासऱ्याला जिना चढताना ओझं जड जातंय म्हणून त्याने ती आपणहून घेतली होती. ज्याला मारायचं त्याच्याकडूनच हमाली करून घेण्याइतके तोफखाने आतल्या गाठीचे नव्हते. शिवणवाल्या बाईंना हे सांगितलं, तर त्या जरा हिरमुसल्या, आणि मग म्हणाल्या, "बघा हं, चुकून सुटायची नाहीतर!"

तोफखाने हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ कुणावर येत नाही. माणूस इतका मवाळ की भाजीवाल्याने सडका कांदा गळ्यात मारला, तर तो घरी आणून गुपचूप टाकून देणार, परत करणार नाही. बोलणं हळू, चालणं हळू, शिंक आली तर तीही रुमालात दाबून. आणि पोटासाठी काय करायचे, तर खांद्याला दुनळी बंदूक अडकवून बँकेच्या दारात उभे राहायचे. असल्या माणसाला तोफखाने नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं? आधी पोरांनी म्हटलं, मग आम्ही म्हटलं, मग एकदा रागाच्या भरात त्यांच्या बायकोनेही म्हटलं, आणि नाव पक्कं झालं.

त्यांच्या धंद्याची एक गंमत आहे. पहिल्यांदा ऐकलं की हसू येतं, नंतर येत नाही. रखवालदार पुरवणारी ती कंपनी माणूस ठेवत नाही, बंदूक ठेवते. ज्याच्याकडे परवान्याची स्वतःची बंदूक, त्यालाच दाराजवळचं स्टूल. ऑफिसातून फोन जायचा तोही असा: "पुलाजवळच्या बँकेला एक दुनळी पाठवा." की दुनळी जायची, आणि तिच्या पट्ट्याला लटकून तोफखाने जायचे.

तिथे जाऊन काम काय? तर दार उघडायचं. बँकेचं दार जाड काचेचं, आतला गारवा बाहेर जाऊ नये म्हणून त्याला चांगली जाडजूड स्प्रिंग लावलेली. पेन्शन घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना ते ढकलता यायचं नाही. एखादी आजी काचेला कपाळ टेकवून नुसती उभी राहायची. मग तोफखाने उठायचे, उजवा हात नियमाप्रमाणे बंदुकीच्या पट्ट्यावर ठेवायचे, आणि डाव्या हाताने दार मागे रेटून धरायचे, आजी आत जाईपर्यंत. आजी काही धावत जात नसत. इतक्या वर्षांत त्या दुनळीतून एकही गोळी सुटली नाही, पण दार किती वेळा उघडलं याचा हिशेब देव जाणे.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कुठल्याशा दूरच्या शहरात एक बँक लुटली गेली, आणि भुर्दंड पडला आमच्या तोफखान्यांना. कंपनीने फर्मान काढलं: दुनळ्या आता बंद. दोन गोळ्या झाडून, नळी उघडून पुन्हा भरत बसायला चोर काय पाहुणे आहेत? यापुढे पंपाची बंदूक हवी. या बंदुकीत खालच्या नळीत काडतुसं एकामागे एक भरून ठेवतात. पुढची लाकडी मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाजूच्या खिडकीतून बाहेर उडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. आणि नुसती बंदूक आणून भागणार नव्हतं. शहराबाहेरच्या मैदानावर चाचणी होणार होती. बंदूक खांद्याला लावायची, आणि पाच काडतुसं न थांबता झाडायची. जो मध्ये अडला त्याचं स्टूल गेलं.

तोफखान्यांच्या वयाला दुसरीकडे कुठे कोण उभं करणार? बायको घरी लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते, पण इस्त्रीच्या वाफेवर दोन माणसांचं घर चालत नाही. स्टूल गेलं तर सगळंच गेलं, हे दोघांनाही कळत होतं. त्यामुळे त्यावर दोघं बोलत नव्हती.

नवी बंदूक घेणं आवाक्याबाहेरचं. जुनी होती ती एकाच माणसाकडे, दुर्बिणीकडे. दुर्बीण म्हणजे कंपनीतला सगळ्यात जुना रखवालदार. तरुणपणी रस्त्याच्या टोकाला उभ्या असलेल्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचा म्हणून हे नाव पडलं. आता डोळ्यांपुढे नुसतं धुकं. टायरच्या दुकानामागच्या खोलीत मुलीबरोबर राहतो. खोलीत शिरलं की आधी रबराचा वास येतो, मग अंधार, आणि मग खाटेवर बसलेला तो.

"कोण? दुनळी का?" दुर्बिणीने विचारलं. त्या धंद्यात माणसं एकमेकांनाही बंदुकीच्या नावाने ओळखतात.

"हो दादा, मीच."

"बस. आवाज ऐकू आला नाही तेव्हाच समजलो, तूच असणार."

त्याने खाटेखालून जुन्या चादरीत गुंडाळलेली बंदूक काढली. गाठ सोडताना त्याची बोटं कुठे चाचपडली नाहीत. तोफखान्यांनी नळी खिडकीकडे धरून आत पाहिलं. आत स्वच्छ, चकचकीत गोल उजेड. दस्त्याला स्क्रूपाशी बारीक चीर होती, ती सरस भरून बुजवलेली. पुढच्या मुठीवरचं पॉलिश एका जागी पार उडून लाकूड पांढरं पडलं होतं.

"तिथे काही झालेलं नाही," दुर्बीण म्हणाला. तोफखान्यांचं बोट तिथे थांबलंय हे त्याला कसं कळलं कोण जाणे. "तिथे माझा हात असायचा. ओढून बघ."

तोफखान्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि मूठ मागे ओढली. खडाक्. पुढे. खडाक्.

"ऐकलंस? असं बोलायला पाहिजे तिने. हिच्याशी लाजून वागू नकोस हं. दुनळीला हळू चालतं, हिला नाही. ओढायची तर पार शेवटापर्यंत."

भावाची घासाघीस तोफखान्यांना कधी जमली नाही, आणि दुर्बिणीला आवडत नव्हती. एकाने आकडा सांगितला, दुसऱ्याने मान हलवली, आणि मग समोरच्याला मान दिसत नाही हे ध्यानात आल्यावर "बरं" म्हटलं. परवान्याची कामं झाली, सह्या झाल्या. निघताना दुर्बिणीने एकच गोष्ट सांगितली.

"कंपनीत आता माझं काही उरलेलं नाही. पण मैदानावर चार माणसं जमली की अजून म्हणतात, दुर्बिणीची बंदूक कधी अडली नाही. तेवढं सांभाळ."

तोफखान्यांनी ती घरी आणली. म्हणजे जावयाने आणली. बाहेरच्या खोलीत बायको कुठल्याशा हॉटेलचे टेबलावरचे कपडे इस्त्री करत होती.

"अहो, ती वस्तू त्या पांढऱ्या ढिगावर ठेवू नका. तेलाचा डाग पडला तर मला गोळी घालतील ते लोक."

"अगं, रिकामी आहे."

"डागाला बंदूक भरलेली लागत नाही."

दुर्बिणीने बंदुकीबरोबर थोडी खोटी काडतुसं दिली होती, आतली दारू काढून टाकलेली, सरावासाठी. तोफखान्यांनी ती भरली, खुर्चीवर बसले, मांडीवर बंदूक आडवी धरून मूठ ओढू लागले. एकेक काडतूस टणाटण फरशीवर उडत होतं. बायकोने इस्त्री उभी करून बघितलं. इतका आवाज या घरात यांच्या हातून कधी झाला नव्हता. तोफखान्यांच्या चेहऱ्यावर चक्क ऐट होती.

मग ते उठले, कपाटाच्या आरशासमोर उभे राहिले, दस्ता खांद्याला टेकवला आणि चाचणीत करायचं तसं केलं. पहिला चाप ओढला, मूठ मागे ओढली. खड… आणि गप्प. रिकामं काडतूस बाजूच्या खिडकीत अर्धवट अडकलेलं, आणि खालचं वर यायला बघत नव्हतं.

त्यांनी बंदूक खाली घेतली, अडकलेलं नखाने काढलं, पुन्हा मांडीवर धरून ओढली. खडाक्, खडाक्, काही तक्रार नाही. पुन्हा उभे राहिले, खांद्याला लावली. खड…

"उचलली की आतलं काहीतरी सरकतं," तोफखाने म्हणाले.

"मग चोराला सांगा, जरा थांब, मी बसून घेतो."

त्या संध्याकाळपासून आमच्या इमारतीने त्या बंदुकीचा रोग पाठ केला. जिन्यात उभं राहिलं की ऐकू यायचं: खडाक् खडाक् खडाक्, हे मांडीवरचं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खड…, आणि मग बराच वेळ शांतता. शिवणवाल्या बाई मशीन थांबवून म्हणायच्या, "अडली." त्या गमतीने म्हणायच्या, पण पुढे पुढे त्यांनाही त्यात गंमत वाटेना.

तोफखान्यांनी करायचं काही बाकी ठेवलं नाही. खालची नळी उघडली, तर आतली लांब स्प्रिंग त्यांच्या कानाजवळून सुटली आणि कपाटाखाली गेली. बायकोने ती झाडूने बाहेर ओढली, तिच्याबरोबर एक हरवलेलं बटण आणि भरपूर धूळही निघाली. नळीत जुनं तेल घट्ट होऊन काळा चिकटा झाला होता. विणायच्या सुईला चिंधी गुंडाळून, रॉकेलमध्ये बुडवून त्यांनी तो काढला. त्यांना वाटलं, सापडला दोष. रात्रीचं जेवण रॉकेलच्या वासात झालं. मांडीवर धरली तर लोण्यासारखी. खांद्याला लावली की खड…

काडतुसं पुसली. काडतुसं बदलली. रिकामं काडतूस पकडून बाहेर फेकणारी छोटी नखी असते, ती दात घासायच्या ब्रशने घासली. (ब्रश कुणाचा, यावरून घरात वेगळं भांडण झालं.) शेवटी बंदूक घेऊन मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्रीचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. कुलपं, शिलाई मशीन, आणि सरकारी परवानगीने बंदुका, असं सगळं एकाच टेबलावर. त्याने बंदूक शिकंज्यात धरून मूठ ओढली, व्यवस्थित. हातात घेऊन ओढली, व्यवस्थित. उभा राहून, वर छताकडे रोखून, खांद्याला लावून ओढली, काडतुसं उडून कुलपांच्या डब्यात जाऊन पडली.

"काय झालंय हिला?" मिस्त्री म्हणाला.

"खांद्याला लावली की अडते."

"लावली की आत्ता!"

"घरी अडते."

"मग घराला दाखवा कुणाला तरी."

पण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून त्याने स्प्रिंग बदलली आणि नखीवरून कानस फिरवली. तोफखाने समाधानाने घरी आले, आरशासमोर उभे राहिले. त्यानंतर जिन्यात जी शांतता पसरली ती फार वेळ टिकली.

माणसाला एकदा आपलं कारण सापडलं की तो ते सोडत नाही. तोफखान्यांच्या मनाने घेतलं, की हा रोग दुर्बिणीला ठाऊक होता. म्हणूनच त्याने बसून ओढायला लावली, उभं राहून नाही. म्हणूनच भाव सांगून गप्प बसला. आंधळ्याने डोळसाला टोपी घातली. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस भांडायला म्हणून घराबाहेर पडला. बायकोने दारात विचारलं, "बोलणार काय त्याला?" तर जिना उतरता उतरता त्यांनी ते पुटपुटत पाठ केलं.

टायरच्या दुकानामागच्या खोलीत ते गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "दादा, तुम्ही मला फसवलंत."

हे ते इतक्या हळू म्हणाले की आतून दुर्बिणीच्या मुलीने पाण्याचा पेला आणून त्यांच्या पुढे धरला.

दुर्बिणीने मात्र नीट ऐकलं होतं. त्याचा चेहरा लाल झाला. "आण इकडे," तो म्हणाला. बंदूक घेऊन तो खाटेवरून उठला, भिंतीचा अंदाज घेत उभा राहिला, खांद्याला लावली, आणि ओढत गेला. खडाक् खडाक् खडाक्. थांबलाच नाही. काडतुसं संपल्यावरही तो रिकामी ओढत राहिला, जणू त्याचं ऐकून घ्यायला कुणीतरी हवं होतं. मग त्याने ती तोफखान्यांच्या हातात दिली.

"आता तू. उभा राहा. लाव."

तोफखान्यांनी लावली. दुर्बिणीने एक हात पुढे करून त्यांच्या डाव्या हातावर ठेवला, मुठीवर. "ओढ." तोफखान्यांनी ओढली. खड…

दुर्बिणीचा हात मुठीवरून मनगटावर गेला, मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यापर्यंत. गुरांच्या बाजारात जनावर चाचपतात तसा. खांद्यापाशी त्याने अंगठा किंचित दाबला, आणि तोफखान्यांच्या तोंडून आवाज निघाला. त्यांच्या मानाने तो मोठाच होता.

"बोटभर राहते," दुर्बीण म्हणाला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. "शेवटचं बोटभर. तेवढी मागे आली नाही तर ती रिकामं फेकत नाही. मांडीवर धरलीस की हात खाली असतो, तेव्हा येते. वर उचललास की हात तुझं ऐकत नाही. कधीपासून दुखतोय?"

"दुखत नाही."

"खोटंसुद्धा हळूच बोलतोस रे तू."

तोफखान्यांनी बंदूक खांद्यावरून खाली घेतली.

"दार कुठल्या हाताने उघडतोस?"

"डाव्या."

"का?"

"उजवा बंदुकीपाशी ठेवायचा. नियम आहे ना."

दुर्बीण खाटेवर बसला. "मीही तेच केलं असतं," तो म्हणाला. "पण माझ्या बँकेचं दार सरकतं होतं." मग तो म्हणाला, "नको असेल तर परत घेतो बंदूक. चादर अजून इथेच आहे."

"नको," तोफखाने म्हणाले. पेल्यातलं पाणी तसंच ठेवून ते निघाले.

घरी आल्यावर त्यांनी काही सांगितलं नाही. चहा करावा म्हणून स्वयंपाकघरात गेले, वरच्या फळीकडे पाहिलं. साखरेचा डबा तिथे नव्हता. चहाचा नव्हता. वरची फळी अख्खी रिकामी होती, फक्त एक कधीच न वापरलेली मोठी किटली तिथे बसली होती. बाकी सगळं खाली, ओट्यावर, कमरेच्या उंचीला मांडलेलं.

"हे खाली कधी आलं?"

"झाले बरेच दिवस," बायको बाहेरच्या खोलीतून म्हणाली. "कपड्यांची दोरीही खाली घेतली आहे. तुमचं डोकं रोज तिला लागतं, तरी कळलं नाही तुम्हाला."

"मला सांगायचंस तरी."

"तुम्ही मला सांगितलंत?"

तोफखाने किटलीकडे बघत उभे राहिले. त्यांना आठवत होतं, पहिल्यांदा कुठे दुखलं ते: एका आजीची काठी दाराच्या फटीत अडकली होती, आणि दार बराच वेळ धरून ठेवावं लागलं होतं. तेव्हा वाटलं, लचक भरली असेल. मग शर्ट घालताना डावी बाही आधी घालायची सवय लागली. मग केस नुसत्या उजव्या हाताने विंचरणं सुरू झालं. प्रत्येक वेळी काही ना काही नवी युक्ती निघत गेली, आणि प्रत्येक युक्तीमुळे हात जरा आणखी खाली राहू लागला.

त्यानंतर चाचणीच्या दिवसापर्यंत त्या घरात एक नवा उद्योग सुरू झाला. बायको जुन्या टॉवेलवरून इस्त्री फिरवायची आणि तो गरम टॉवेल त्यांच्या खांद्यावर दाबून धरायची. मग ते आरशासमोर उभे राहायचे. "डॉक्टरला दाखवा," ती म्हणायची. "चाचणी झाल्यावर," ते म्हणायचे, कारण डॉक्टरने काही लिहून दिलं आणि ते कंपनीला कळलं, तर चाचणीची गरजच उरणार नव्हती. जिन्यातून आम्हाला ऐकू यायचं, की आवाज बदलत चाललाय. खड… ऐवजी खडा… येऊ लागला. बोटभर राहायचं ते नखभर राहू लागलं. एका संध्याकाळी एक अख्खा खडाक् ऐकू आला आणि शिवणवाल्या बाईंनी हातातला कपडा खाली ठेवला. पण पुढचा पुन्हा अडला.

चाचणीच्या सकाळी आभाळ राखेच्या रंगाचं होतं. मैदान म्हणजे एका बंद पडलेल्या वीटभट्टीची मागची बाजू. समोर मातीचा बांध, त्यावर टांगलेले पुठ्ठे. रांगेत सगळे जुने रखवालदार, बहुतेक पांढऱ्या केसांचे, हातात आपापल्या पंपाच्या बंदुका. काहींनी उसन्या आणल्या होत्या. सुपरवायझर तरुण होता, गळ्यात शिट्टी, बुटांना नवा चिखल लागू नये म्हणून एका फळकुटावर उभा.

तोफखान्यांच्या मागे उभ्या असलेल्या रखवालदाराने बंदूक ओळखली. "दुर्बिणीची की ही? मग तुम्हाला काय काळजी!"

नंबर आला. तोफखान्यांनी काडतुसं भरली, खांद्याला लावली. इतक्या वर्षांच्या नोकरीतली त्यांची ही पहिली गोळी. चाप ओढल्यावर तो धक्का, तो आवाज, त्यांना क्षणभर कळेना की हे आपणच केलं. मग सगळं अंग कमरेतून मागे फेकून त्यांनी मूठ ओढली. रिकामं काडतूस गवतात उडालं. दुसरी गोळी. पुन्हा अंग मागे, पुन्हा काडतूस उडालं. पण दोन्ही धक्क्यांनी छाती आणि खांदे आतून हलले होते. तिसऱ्या गोळीनंतर त्यांनी ओढली, आणि हात मध्येच सुटल्यासारखा झाला. काडतूस खिडकीत अडकून धुमसत राहिलं.

शिट्टी वाजली. सुपरवायझर फळकुटावरून उतरून आला. त्याने बंदूक हातात घेतली, खिडकीत डोकावला, आणि चांगल्या मनाने म्हणाला, "अडली वाटतं. दुर्बिणीची ना? जुनीच झाली हो ती. हरकत नाही. मी म्हणतो, बंदूक नापास, माणूस नाही. महिन्याभरात दुसरी आणा आणि पुन्हा या. तोवर तुमचं स्टूल तुमचंच. ही त्याला परत देऊन टाका, आणि सांगा, असला माल दुसऱ्याच्या गळ्यात मारू नकोस म्हणावं."

मागचा रखवालदार कुजबुजला, "हो म्हणा. हो म्हणून टाका."

हो म्हणायला किती वेळ लागतो? एक महिना स्टूल मिळत होतं. महिन्यात खांदा बरा होईल, नाहीच झाला तर आणखी काही निघेल. रांगेतले सगळे ऐकत होते. सुपरवायझर जे बोलला ते संध्याकाळपर्यंत शहरातल्या प्रत्येक बँकेच्या दारात पोचणार होतं, आणि तिथून टायरच्या दुकानामागे.

"साहेब," तोफखाने म्हणाले, "बंदूक अडत नाही."

"आत्ता अडली की माझ्यासमोर!"

"हात अडतो."

सुपरवायझरला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी जरा मोठ्याने.

"वर करून दाखवा," सुपरवायझर म्हणाला.

तोफखान्यांनी डावा हात वर न्यायला सुरुवात केली. तो शर्टाच्या खिशापर्यंत गेला आणि तिथे थांबला. त्यांनी तो तसाच धरून ठेवला, साहेबाने पाहून घेईपर्यंत.

सुपरवायझरने अडकलेलं काडतूस काढून टाकलं. मग खात्री करावी म्हणून, की सकाळपासून नुसती शिट्टी वाजवून कंटाळला होता म्हणून, त्याने स्वतःच बंदूक खांद्याला लावली आणि उरलेल्या दोन गोळ्या झाडल्या. लगेच आणखी भरून त्याही झाडल्या. एकसुद्धा अडली नाही. समोरचा पुठ्ठा फाटून लोंबू लागला. त्याने बंदूक खाली घेतली तेव्हा बाजारात चांगली वस्तू स्वस्तात सापडल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता. तोफखान्यांकडे पाहिल्यावर तो जरा आवरला.

"वाईट वाटतं हो. पण नियम आहे, माझ्या हातात काही नाही. स्टूल आता द्यावं लागेल दुसऱ्याला." त्याने मुठीवरच्या पांढऱ्या पडलेल्या लाकडावरून हात फिरवला. "बंदूक मात्र झकास आहे. तुम्ही आता हिचं काय करणार? आमच्याकडे एक नवा माणूस आलाय, चांगला धट्टाकट्टा, पण बंदूक नाही त्याच्याकडे. त्याला विकून टाका. परवान्याचं मी बघतो. तुमच्याच बँकेला लावतो ही, म्हणजे तिथे काही फरक पडायला नको."

तोफखान्यांनी डावा हात उजव्या हाताने धरून खाली आणला.

"घ्या की साहेब. फक्त बँकेत येणाऱ्या म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवा, ही दार उघडत नाही."